परीक्षेनंतर पाडायची भिंत



पावसला बोलायला उभं राहायचं म्हणजे विषय अध्यात्माचा असणार, असं बाहेरचा कोणीही धरून चालेल. मी त्या वाटेचा माणूस नाही. माझी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये झाली. ट्रेड आरेखक स्थापत्य, हुद्दा शिल्पनिदेशक. मुलांना घराचा प्लॅन काढायला शिकवायचं. आधी ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून, पुढे ऑटोकॅडवर. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो असा : व्यावसायिक शिक्षणात आज एका बाजूला डिजिटल मीडिया डिझाइनचे अभ्यासक्रम आहेत आणि दुसऱ्या बाजूला बांधकामाच्या कारागिरीचे, तर आपल्या भागातल्या मुलांनी त्यांच्याकडे कसं बघावं? मी तो जरा फिरवून घेतला आहे. मुलांनी कसं बघावं ते मुलं ठरवतील. गावाने कसं बघावं, यावर मला बोलायचं आहे.

आणि त्यासाठी मला लांब जायला नको. रामचंद्र विष्णू गोडबोले नावाचा या गावचा मुलगा, जन्म १५ डिसेंबर १९०३. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना स्वामी स्वरूपानंद म्हणून ओळखू लागला, अभंग ज्ञानेश्वरी घराघरांत गेली, १९७४ साली त्यांनी देह ठेवला तोवर अनंत निवासातल्या त्यांच्या खोलीला तीर्थाचं रूप आलेलं होतं. हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे. मला त्यांच्या तरुणपणातलं एक छोटं प्रकरण हवं आहे. असहकाराचे दिवस होते. मुंबईतलं शिक्षण सोडून हा तरुण गावी परतला आणि त्याने इथे शाळा काढली. नाव ठेवलं स्वावलंबनाश्रम. विद्यालय नव्हे, पाठशाळा नव्हे, स्वावलंबन. त्या काळच्या राष्ट्रीय शाळांच्या मागे जी कल्पना होती, की डोक्याचं शिक्षण आणि हाताचं काम वेगळं काढायचं नाही, ती पावसमध्ये शंभर वर्षांपूर्वी एका विशीच्या आतबाहेरच्या पोराला सुचली होती. चरित्रं वाचताना आपण ते पान भरभर उलटतो, कारण पुढे साक्षात्कार असतो. मला ते पान महत्त्वाचं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो.

गवंडीकामाचा ट्रेड तुम्ही कुठल्याही आयटीआयमध्ये जाऊन बघा. वर्ष संपत आलं की प्रशिक्षणार्थी भिंत बांधतो. कोपरा काटकोनात हवा, ओळंबा बरोबर पडायला हवा, सांधे एकाखाली एक यायला नकोत. परीक्षक येतो, गुण्या लावतो, गुण देतो. आणि परीक्षा झाली की ती भिंत पाडतात. पाडता यावी म्हणूनच ती पुष्कळदा सिमेंटमध्ये बांधलेली नसते, मातीत किंवा कच्च्या मालात बांधलेली असते. विटा धुऊन, रचून पुढच्या तुकडीसाठी ठेवतात. यात गैर काही नाही, विटा फुकट येत नाहीत. पण त्या मुलाने वर्षभर जे केलं त्यातलं एकही काम पहिला पाऊस बघत नाही.

तिकडे मल्टिमीडियाच्या, डीटीपीच्या वर्गात जा. मुलगी पोस्टर करते. विषय ठरलेले : पाणी वाचवा, झाडे लावा, स्वच्छता अभियान. परीक्षक पडद्यावर बघतो, गुण देतो. नव्या तुकडीला संगणकात जागा लागते म्हणून जुन्या फायली पुसतात. ते पोस्टर कधी छापलं जात नाही, भिंतीवर लागत नाही, त्याच्यासमोर थांबून कोणी ते वाचत नाही.

एका अभ्यासक्रमाच्या वर्गात सिमेंटची धूळ, दुसऱ्याच्या वर्गात एसी. पण दुखणं एकच. शिकणाऱ्याच्या कामाला गिऱ्हाईक नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे की व्यावसायिक शिक्षणातली मोठी उणीव यंत्रांची नाही, इमारतींची नाही, अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतही ती पूर्ण सापडायची नाही. गावाने या शिक्षणाचं गिऱ्हाईक व्हायचं नाकारलं आहे, ही ती उणीव.

गाव ते नाकारतं कसं, हे घरातल्या बोलण्यावरून कळतं. मुलगा ॲनिमेशन शिकतो म्हटलं की आई शेजारी सांगते, “तो कॉम्प्युटर करतो.” तोच मुलगा नळ कारागीर, तारतंत्री किंवा गवंडी झाला तर सांगते, “सध्या आयटीआयला घातलाय, बघू पुढे.” हे ‘बघू पुढे’ मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलं आहे की प्रवेश अर्जावर त्याचा एक रकाना असावा असं मला वाटे. दहावीला गुण कमी पडले म्हणून बांधकाम, आणि मोबाइलवर व्हिडिओ छान जोडतो म्हणून डिजिटल. पहिल्यात शिक्षा, दुसऱ्यात हौस. व्यवसाय दोन्हीकडे नाही.

यामागे जात आहे, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. आपल्याकडे दगड घडवणारा, लाकूड तासणारा, लोखंड ठोकणारा यांच्या जाती ठरल्या होत्या आणि लिहिणारा-वाचणारा त्यांच्या वरचा, हेही ठरलं होतं. संगणकाचा कीबोर्ड लेखणीच्या बाजूला गेला, थापी होती तिथेच राहिली. महात्मा फुले १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाचं गाऱ्हाणं मांडत होते, तेव्हा ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदारही होते. फुल्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, पण त्यांचा हा धंदा भाषणांत क्वचित येतो.

हे दोन व्यवसाय असे एकमेकांकडे पाठ करून पूर्वी बसलेले नव्हते. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. आज आपल्याला ते चित्रकारांचं माहेर वाटतं. पण १८६५च्या सुमारास तिथे जॉन ग्रिफिथ्स, लॉकवुड किपलिंग आणि हिगिन्स हे तिघे आले ते कशासाठी? सजावटीचं रंगकाम, इमारतीवरचं शिल्पकाम आणि कलाकुसरीचं लोखंडकाम शिकवायला. म्हणजे शाळा डिझाइनची, आणि गिऱ्हाईक शहरात उभ्या राहणाऱ्या इमारती. व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पूर्ण झालं. त्याच्यावरची पानं, फुलं, प्राणी, जाळ्या यांत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आपल्यापैकी निम्म्यांनी त्या स्टेशनात गाडीची वाट बघत तास काढलेत. वर बघा कधीतरी. तो विद्यार्थ्यांचा गृहपाठ आहे आणि तो कोणी पाडला नाही. हे सगळं इंग्रज साम्राज्याच्या मिरवणुकीसाठी होतं, हे मला मान्य आहे. तरी शिक्षणाची पद्धत म्हणून त्यात जे होतं ते होतं.

दुसरं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि घराणं सुतारांचं. तंत्रशिक्षण देशी भाषेतून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला एकाच आवारात. आणि या कलाभवनात शिकलेला एक विद्यार्थी तुम्हाला चांगला माहीत आहे. त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटलं की १९१३ आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एवढंच आपण पाठ केलेलं असतं. त्याआधीचा माणूस बघा. १८८५ साली जे. जे. स्कूल. मग बडोद्याला चित्रकला, आणि तिथेच वास्तुकला आणि प्रतिकृती घडवणं म्हणजे मॉडेलिंग. अहमदाबादच्या १८९२च्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून सुवर्णपदक मिळवलं. मग छायाचित्रण, ठसे तयार करणं, छपाई. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात नोकरी, छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून. आरेखक! भारतीय सिनेमाचा जनक काही काळ माझ्या ट्रेडचा होता, हे मी दर वर्षी नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत असे आणि मुलं दर वर्षी ‘सर फेकतायत’ असा चेहरा करत. तर नाट्यगृह कसं उभं राहतं हे ज्याला माहीत, ठसा कसा उमटतो हे माहीत, भिंगातून प्रकाश कसा येतो हे माहीत, तो सिनेमापर्यंत पोचला. त्याने आधी ‘मीडिया’ शिकलं आणि मग उदाहरण शोधलं, असं झालं नाही.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याहून जवळचे. मूळ आडनाव मेस्त्री. सुतारकी, कोरीवकाम, मूर्तिकाम घरातलं. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ साली गेले, पण दोघांनी मिळून धरलेला सिनेमाचा ध्यास बाबूरावांनी सोडला नाही. कॅमेरा विकत मिळणं अवघड, म्हणून विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो कोल्हापुरात तयार केला. १९१८ साल. त्यातून १९२०चा ‘सैरंध्री’. नेपथ्य ते उभारणार, पोशाखाची रेखाटनं ते करणार, जाहिरातीची पोस्टरं ते रंगवणार. महाराष्ट्र फिल्म कंपनी हीच मग शाळा झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथे शिकले. कोणी ध्वनीकडे गेलं, कोणी कलादिग्दर्शनाकडे. दामले-फत्तेलालांचा १९३६चा ‘संत तुकाराम’ पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्याला आज तीन वर्षांची पदवी, फाउंडेशनचं सत्र आणि सॉफ्टवेअरचे परवाने लागतात असं आपण समजतो, ते एका मेस्त्र्याच्या कारखान्यात होत होतं.

इथे कोणी म्हणेल, मग कॉलेज कशाला? उस्तादाच्या हाताखालीच शिकू दे. मी याच्या सक्त विरोधात आहे. उस्तादाच्या हाताखालच्या शिक्षणाचं कौतुक करणाऱ्यांनी ते शिक्षण बहुधा घेतलेलं नसतं. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर आठवा. गरीब भंडारी कुटुंबातला मुलगा मुंबईला गेला, सुतारकाम शिकला, शापूरजी पालनजींच्या कामांवर वाढला आणि स्वतः मोठा कंत्राटदार झाला. रत्नागिरीतलं पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं ते त्यांच्या पैशाने. कीर थोर होतेच. पण त्यांच्याबरोबर बोटीने मुंबईला उतरलेली बाकीची पोरं? कोणी परांचीवरून पडलं, कोणी बिगारी म्हणून सुरू झालं आणि बिगारी म्हणूनच म्हातारं झालं, कारण हिशेब, नकाशा आणि दर त्याला कोणी शिकवला नाही. उस्ताद हात शिकवतो, अंदाजपत्रक स्वतःकडे ठेवतो. शिकवलं तर शिष्य उद्या वेगळं दुकान थाटेल ना. नकाशा वाचायला शिकवणं हे सरकारी संस्थेचं काम आहे, आणि १९५०पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली या देशातल्या आयटीआयनी ते केलं आहे. कमी केलं असेल, पण केलं आहे. म्हणून मला कॉलेज हवं, अभ्यासक्रम हवा, प्रमाणपत्र हवं. भिंत तेवढी पाडू नये.

आता आपल्या मातीत या अभ्यासक्रमांचं काय होतं ते बघू. पुस्तक देशभरासाठी एक. त्यात बांधकाम म्हणजे प्रामुख्याने वीट. इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड, आकृतीसकट. बाहेर पडलं की इथे घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याचं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागेल तसा कडक होत जातो. ओल्या चिऱ्याची घाई केली तर भिंत पुढे त्रास देते. तो पाणी पितो, म्हणून दरजा कशा भरल्या यावर घराचं आयुष्य ठरतं. खाडीची वाळू धुतल्याशिवाय स्लॅबमध्ये गेली तर मीठ सळईला खातं आणि दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडतात. कातळावर घर बांधलं तर अर्थिंग नीट लागत नाही, कारण कोरडा जांभा वीज सहज वाहू देत नाही. कोळसा-मीठ किती, खड्डा कुठे, हे तारतंत्र्याला इथलंच शिकावं लागतं. संडासाची टाकी कातळात खणायची तर विहीर कुठल्या अंगाला आहे, ते आधी बघायला हवं. हे सगळं ज्ञान इथल्या म्हाताऱ्या गवंड्यांकडे आहे आणि वर्गात त्यांना यायला दार नाही, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र द्यायची सोय गेल्या काही वर्षांत झाली आहे. तिचा उपयोग त्यांना कामगार म्हणून मोजण्यापुरता होतो. शिकवायला बोलावलं तर जास्त होईल.

निसर्ग वादळाची आठवण ताजी असेल. ३ जून २०२०. आपण थोडक्यात वाचलो, पण याच जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडात घरंच्या घरं उघडी पडली. पावसाळा तोंडावर, कौलं फुटलेली, पत्रे उडालेले, आणि छपरावर चढून शाकारणारा माणूस मिळेना. पैसे असलेल्यालाही मिळेना. बांधकामावरचे बरेच हात कर्नाटकातून, उत्तरेतून आलेले. करोनाच्या टाळेबंदीत ते गावी गेलेले. आणि आमची मुलं? मुंबईहून परत आलेली, घरी बसलेली, छपराकडे बघत. त्यांना वासा, रीप आणि कोना यांतला फरक ठाऊक नव्हता. दोष त्यांचा नव्हे. आपणच त्यांना सांगितलं होतं की हे काम आपलं नाही.

डिजिटलच्या वर्गातही हेच, फक्त वस्तू वेगळी. अक्षरांचे धडे येतात ते रोमन लिपीचे. सेरिफ, सॅन्स, ओळीतलं अंतर, सगळं ए-बी-सी-डीवर. मुलगी बाहेर पडते आणि तिच्या पुढ्यात येतं काय? लग्नपत्रिका, नमनाचं पोस्टर, जाखडीच्या सामन्याचा बॅनर, होम-स्टेची पाटी, आंब्याच्या पेटीवरचं लेबल. सगळं देवनागरी. तिथे शिरोरेषेवर रफार चढतो, खाली उकार लोंबतो, जोडाक्षर आडवं पसरतं. दोन ओळींमध्ये रोमनइतकंच अंतर सोडलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. जुन्या फॉन्टात केलेली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की अक्षरांचा कोळ होतो. गवंड्याच्या पुस्तकात चिरा नाही, हिच्या पुस्तकात वेलांटी नाही.

आणि हे शिकवणारी परंपरा मराठीत नाही असं थोडंच आहे. र. कृ. जोशी जे. जे.त घडले, जाहिरातीत काम केलं, मग मुंबई आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलं. तुमच्या संगणकावर कित्येक वर्षं मराठी दिसत आलं ते ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये, तो त्यांनी घडवलेला. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नाव असं काढलं की नाटकाचा स्वभाव अक्षरांवरून कळावा. आपल्याच जिल्ह्यात सावर्ड्याला सह्याद्रीचं कला महाविद्यालय आहे, देवरुखला डी-कॅड आहे. पोरगं कलेचं शिक्षण घ्यायला जिल्हा सोडून जायलाच हवं, अशी परिस्थिती राहिलेली नाही.

आंब्याच्या लेबलावर जरा थांबतो, कारण पावसमध्ये त्यावर न थांबणं बरं दिसणार नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन कागदावर आहे. वाशीच्या बाजारात मात्र परप्रांतातला आंबा रत्नागिरी म्हणून विकला जातो, ही ओरड दर हंगामात आहेच. तेव्हा लेबल ही शोभेची वस्तू नव्हे, तो बागायतदाराचा पुरावा आहे. आता ते करायचं तर डिझाइनवाल्या मुलीला काय काय कळायला हवं? पुठ्ठ्याच्या पेटीवर एकाच रंगात छापायचं आहे, तेव्हा सोनेरी छटा विसरा. दमट हवेत शाई फुटते. पेट्या एकावर एक रचतात, म्हणून नाव बाजूच्या पट्टीवर हवं. क्यूआर कोड पट्टीखाली गेला तर मोबाइल तो वाचत नाही. गिऱ्हाईक गुजराती असेल, दुबईतला असेल. यातली एकही गोष्ट एसीत बसून कळणार नाही. बागेत जावं लागेल, पेटी भरताना बघावं लागेल, बागायतदाराची चिडचिड ऐकून घ्यावी लागेल. तेवढं केलं की पेजमेकर असो, कोरेल असो की उद्या येणारं आणखी काही, ते बोटांचं काम आहे.

असं कुठे होतं का, असं विचाराल. होतं. पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. ते १९८३ साली तिथे गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या मुलालाही प्रवेश. मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका वर्षभराची. शेती-पशुपालन, घर-आरोग्य, ऊर्जा-पर्यावरण आणि अभियांत्रिकी, ज्यात बांधकाम आलं, हे सगळं प्रत्येकाने करायचं. आणि करायचं ते खऱ्या लोकांसाठी : कोणाची पाण्याची टाकी, कोणाचं शेड, कोणाचं वायरिंग. मुलांनी गावाला सेवा द्यायची आणि त्यातून शिकायचं. पाबळचा घुमट म्हणून ओळखलं जाणारं स्वस्त घर तिथलंच. आणि अशा या गावात २००२ साली फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. संगणकावर रेखाटायचं आणि यंत्राने ते कापून, घडवून हातात घ्यायचं. पडद्यावर अर्धा मिलिमीटर चुकलं तर प्लायचा सांधा बसत नाही, हे मुलाला दहा मिनिटांत कळतं, गुणपत्रिकेची वाट बघावी लागत नाही. डिझाइन आणि बांधकाम तिथे एका छपराखाली आहेत. बडोद्याचं कलाभवन जणू पाबळला परत उघडलं. कलबाग २००३ साली गेले. त्यांच्या पद्धतीचे वर्ग राज्यातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत चालतात.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार : मुलांकडून फुकट काम करून घ्यायचं का? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हाही हा प्रश्न आला होता, की शाळेचे कारखाने होतील. शंका खरी होती. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सामान गावाचं, विमा संस्थेचा, डोक्यावर हेल्मेट, निदेशक जागेवर, आणि मुलाला विद्यावेतन. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे, आपण नवीन काही शोधत नाही. ज्या कामाला एरवी मजूर लावून पैसे दिले असते, त्याचे पैसे मुलाला द्यायचे.

दुसरा आक्षेप हल्ली सगळीकडे ऐकू येतो. चित्रं, पोस्टरं, व्हिडिओ आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात करते, मग डिजिटल डिझाइन शिकवायचंच कशाला? मी धीर द्यायला आलेलो नाही. काही कामं जातील. पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने घालवले, तेव्हा आपल्यापैकी कोणी हळहळलं नाही, स्वस्त पडलं म्हणून खूश झालो. केवळ टाइप करून फ्लेक्स काढणाऱ्या मुलाचं तेच होईल. बागायतदाराला नेमकं काय हवं आहे, ते त्यालाही नीट सांगता येत नसताना ओळखणाऱ्याचं मात्र काम राहील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

तिसरा आक्षेप कोणी व्यासपीठावर बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गवंड्याला मुलगी कोण देणार? हे वाक्य ऐकून चांगले हात नोकरी शोधत मुंबईला शिपाई झालेले मी बघितलेत. आणि मुलींचं काय, तर त्यांना सरसकट संगणकाकडे. बांधकामावर बायका नाहीत असं नाही, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डोक्यावर घमेलं घेऊन. थापी मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही, कारण थापीचा रोज जास्त आहे. झारखंडात स्वच्छ भारतची शौचालयं बांधताना बायकांनी गवंडीकाम शिकून घेतलं, तिथे त्यांना रानी मिस्त्री म्हणतात. आमच्या मुलींना घमेल्यावरून थेट कीबोर्डवर उडी मारायची गरज नाही. मध्ये ओळंबा आहे, आराखडा आहे, कंत्राट आहे.

तर ग्रामपंचायतीपुढे, संस्थेपुढे, बागायतदार मंडळींपुढे माझी सूचना एवढीच. वर्षाला दोन कामं काढा. एक बांधायचं, एक रेखायचं. बसथांब्याची शेड असेल, शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह असेल, पऱ्यावरची मोरी असेल. रेखायचं काम म्हणजे स्वामींच्या समाधी मंदिराकडे येणाऱ्यांसाठी नीट वाचता येतील अशा दिशादर्शक पाट्या, नाहीतर एखाद्या गटाचं लेबल. दोन्ही वर्ग एकाच जागेवर आणा. शेड बांधणाऱ्याने पाटीसाठी जागा सोडली का, आणि पाटी काढणाऱ्याने खिळा कुठे बसणार ते विचारलं का, यावर त्यांची भांडणं होऊ द्या.

आणि परीक्षेबद्दल एक. कंत्राटदाराला आपण सगळे पैसे लगेच देत नाही. काही रक्कम अनामत ठेवतो, दोषदायित्वाचा काळ संपला, काम टिकलं, की मगच सोडतो. मुलांचेही अर्धे गुण तसेच राखून ठेवावेत. भिंतीचा परीक्षक ऑक्टोबरात यावा, चार महिने पाऊस खाल्लेल्या भिंतीवर हात फिरवावा, ओल आली का, दरज सुटली का ते बघावं. लेबलाचे गुण हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, बागायतदाराला विचारून द्यावेत. निकाल उशिरा लागतो म्हणून पालक कुरकुर करतील, विद्यापीठं आणि मंडळं तर नियमच दाखवतील. नियम बदलून घ्यायला रत्नागिरीला, मुंबईला खेटे घालावे लागतील, त्यासाठी मी यायला तयार आहे.